कामाची आखणी : ठरीव, लवचीक की संकरित?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘प्रकल्प व्यवस्थापन’ या विषयावर मी बोलावे असे सेक्रेटरीसाहेबांनी सुचवले तेव्हा मी थोडा कचरलो. मी बी.ए., बी.एड. झालेला इतिहास-भूगोलाचा शिक्षक. व्यवस्थापनशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तथापि गेली काही वर्षे संस्थेच्या इमारत समितीची आणि कार्यालय समितीची कागदपत्रे चिटणीस या नात्याने माझ्याकडे असतात, आणि या काळात आमच्या हातून दोन मोठ्या चुका घडल्या. त्या का घडल्या हे समजून घेण्यासाठी जे वाचले, आणि पुण्याला संगणक कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला रात्री-अपरात्री फोन करून जे विचारले, तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे. पैसा आपलाच होता, तेव्हा हिशेब ऐकण्याचा हक्कही आपलाच आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ सांगतो. एखादे काम, ज्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि खर्चाची मर्यादा आहे, त्याला प्रकल्प म्हणतात. शाळा चालवणे हा प्रकल्प नव्हे. शाळेची इमारत बांधणे हा प्रकल्प. असे काम तडीस नेण्याच्या तीन रीती आज सांगितल्या जातात. पहिली पारंपरिक. तिच्यात काय हवे ते आधी पूर्ण ठरवायचे, मग नकाशा, मग काम, मग तपासणी. एक पायरी संपली की दुसरी. वरून खाली पडणाऱ्या पाण्यासारखी ती उलट चढत नाही, म्हणून तिला वॉटरफॉल, म्हणजे धबधबा, असेही नाव पडले आहे. दुसरी ॲजाइल, म्हणजे चपळ किंवा लवचीक. तिच्यात सगळे आधी ठरवत नाहीत. एकदोन आठवड्यांत पुरे होईल एवढा उपयोगी तुकडा करायचा, वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा, तो काय म्हणतो ते ऐकायचे आणि पुढचा तुकडा त्यावरून ठरवायचा. तिसरी हायब्रिड, म्हणजे दोहोंचा संकर.

पहिली रीत आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. या सभागृहात बसलेले कितीतरी पालक दुबई, कुवेत, सौदी, कतार येथे बांधकामांवर काम करून आलेले आहेत. साइट ऑफिसच्या भिंतीवर आडव्या पट्ट्यांचा मोठा तक्ता लावलेला असतो, तो त्यांनी पाहिला असेल. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने तो ओळखला जातो आणि १९१० नंतरच्या दशकात तो प्रचारात आला. पुढे १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या रासायनिक कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत निघाली. कोणते काम एक दिवस लांबले तर सबंध प्रकल्प एक दिवस लांबेल, हे ती दाखवते. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ नावाची तशीच एक पद्धत काढली. आखातातले प्लॅनिंग इंजिनिअर आज प्रिमाव्हेरा नावाच्या संगणकीय साधनावर जे करतात त्याचे मूळ यातच आहे.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. संगणकाच्या क्षेत्रातील धबधबा पद्धतीचा उगम म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधाकडे बोट दाखवतात. त्या निबंधात पायऱ्यापायऱ्यांची आकृती आहे खरी, परंतु ती काढून रॉइस लगेच म्हणतात की इतक्या सरळपणे काम करणे धोक्याचे आहे. तपासणी अगदी शेवटी आल्यामुळे खोट तेव्हाच कळते आणि सारे पुन्हा करावे लागते. नवीन तऱ्हेचे काम असेल तर ते आधी लहान प्रमाणावर एकदा करून पाहा, असा त्यांचा सल्ला होता. लोकांनी आकृती घेतली आणि इशारा सोडला. विद्यार्थी गाइडमधील आकृती पाठ करतात आणि खालची टीप वाचत नाहीत, तसेच हे झाले.

आता आमची पहिली चूक. जानेवारी २०२२ मध्ये कार्यालयासाठी संगणकाचा प्रोग्रॅम करून घ्यायचे ठरले. प्रवेश, फी, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळे एकात. आम्ही समितीतले पाच जण दोन बैठका बसलो, बेचाळीस कलमांची यादी केली, सह्या केल्या आणि एका व्यावसायिकाशी दीड लाख रुपयांचा करार केला. अकरा महिन्यांनी माल ताब्यात मिळणार होता. त्या अकरा महिन्यांत आम्ही त्याच्याकडे एकदाही गेलो नाही, तोही आमच्याकडे आला नाही. उभयतांना त्यात काही वावगे वाटले नाही.

त्या यादीतील जवळजवळ तिसरा हिस्सा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीसंबंधी होता, कारण पहिलीपासूनच्या शेकडो मुलांचे अर्ज भरणे हेच कार्यालयाचे सर्वांत जड काम असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ही शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती ठेवली आणि पहिली ते आठवीची बंद केली. तो निर्णय योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. आमच्या प्रोग्रॅमचा तिसरा हिस्सा मात्र ताब्यात येण्याआधीच रद्दी झाला.

उरलेल्यातही घोटाळे निघाले. आपल्या मुलांची नावे जनरल रजिस्टरमध्ये एक आणि आधार कार्डावर दुसरीच असतात. ‘मोहम्मद’ हे एकच नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिले जाते हे आपण जाणता. त्यात कोणी आडनाव आधी लावतो, कोणी गावाचे नाव लावतो. प्रोग्रॅममध्ये नावाला एकच जागा. दुसरे असे की, मासेमारी करणारे पालक जून-जुलैच्या बंदीच्या काळात फी देऊ शकत नाहीत, होड्या पाण्यात गेल्यावर देतात. आखातातले पालक सुट्टीवर आले की वर्षाची एकदम भरतात. प्रोग्रॅमला दरमहाची फी तेवढी कळत होती. या गोष्टी आमच्या कार्यालयातल्या क्लार्क आपांना तोंडपाठ होत्या. बेचाळीस कलमे लिहिताना आम्हा पाच शहाण्यांपैकी एकानेही त्यांना बैठकीत बोलावले नव्हते.

व्यावसायिक म्हणाला, हे करारात नाही, बदल हवा तर वेगळे पैसे. त्याचे म्हणणे खरे होते. आपांनी पुन्हा आपली वही काढली आणि काही दिवस दोन्ही गोष्टी चालल्या, वहीही आणि प्रोग्रॅमही. त्या गोंधळात अकरावीतल्या एका मुलीच्या नावातला फरक वेळेवर ध्यानात आला नाही, अर्ज परत आला आणि मुदत निघून गेली. तिच्या वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून फी भरली. ते आजही रस्त्यात भेटले की मला आधी सलाम करतात. मला त्यांच्याकडे नीट बघवत नाही.

मनाची समजूत घालण्यासाठी नव्हे, पण हे मोठमोठ्यांचेही होते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने गुन्ह्यांच्या फाइली संगणकावर आणण्याचे काम एका कंत्राटदाराकडे दिले होते. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर २००५ मध्ये ते सोडून द्यावे लागले. मग २००६ मध्ये ‘सेंटिनेल’ हा नवा प्रकल्प निघाला. चार टप्पे, अंदाजे ४२ कोटी ५० लाख डॉलर, डिसेंबर २००९ ची मुदत. २०१० साल उजाडले, वाढवून ४५ कोटी १० लाख केलेल्या रकमेतले ४० कोटी ५० लाख संपले आणि हाती आले होते दोनच टप्पे. तेव्हा एफबीआयने ते काम आपल्याच हाती घेतले, माणसे कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून, वापरणाऱ्यांना दाखवत दाखवत, जुलै २०१२ मध्ये सर्व कार्यालयांत ते सुरू केले. ही हकीकत सांगणारे बहुधा एवढेच सांगून थांबतात. पुढचेही सांगायला हवे. लवचीक पद्धतीनेही आधी सांगितलेली सप्टेंबर २०११ ची मुदत टळली, कारण चाचणी घेताना जुनी यंत्रे भार सोसत नाहीत असे दिसले. यंत्रे ही यंत्रेच; ती दोन आठवड्यांत वळवता येत नाहीत.

या लवचीक पद्धतीचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा संगणकतज्ज्ञांनी तयार केला. त्याचा आशय असा की, नियम आणि साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्पर संवाद मोठा, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू मोठी, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य मोठे आणि ठरल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला उत्तर देणे मोठे. पण त्यांनी हेही स्पष्ट म्हटले आहे की दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहेच. तिच्यातील स्क्रम हा शब्द रग्बी या खेळातला. ताकेउची आणि नोनाका या जपानी प्राध्यापकांनी १९८६ च्या एका लेखात तो कामाला लावला. स्क्रममध्ये कामाच्या एका फेरीला स्प्रिंट म्हणतात आणि ती एका महिन्याहून मोठी नसते. रोज पंधरा मिनिटे सगळे एकत्र येतात, आणि फेरी संपली की काय चुकले ते आपसांत बोलतात. शेवटची गोष्ट मला सर्वांत कठीण वाटते. आपल्या समित्यांमध्ये चूक बोलून दाखवली की माणसे दोन वर्षे एकमेकांच्या घरी जात नाहीत.

आम्ही जून २०२३ पासून पुन्हा आरंभ केला. आपलाच एक माजी विद्यार्थी, तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत असलेला, दर दुसऱ्या शनिवारी आपांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसू लागला. पहिल्या पंधरवड्यात त्याने केवळ नावांचे केले. एका मुलाची तीन-तीन नावे शेजारी शेजारी दिसतील, एवढेच. दुसऱ्या खेपेस आपा म्हणाल्या, “बाळा, रंग लाल कर, मला चष्म्याशिवाय दिसले पाहिजे.” त्याने केला. हप्त्यांची फी चौथ्या खेपेस आली. दिवाळीपर्यंत वही कपाटात गेली. एकूण खर्च पहिल्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही झाला नाही.

हे यश डोक्यात चढू नये म्हणून आता दुसरी चूक सांगतो. कालक्रमाने ती आधीची, २०१९ ची. पूर्वेकडच्या तीन वर्गखोल्या बांधताना इंजिनिअरसाहेबांनी विचारले होते, “वर पुढे मजला घ्यायचा आहे का? पाया तसा घालावा लागेल.” समिती म्हणाली, “आधी तळमजला तर होऊ द्या, पुढचे पुढे बघू.” तळमजला झाला. २०२४ मध्ये आखातातील आपल्या बांधवांनी मुलींच्या अभ्यासिकेसाठी वरच्या मजल्याचे पैसे पाठवले. इंजिनिअरसाहेबांनी जुना नकाशा उघडून दाखवला. पाया एकाच मजल्याचा. वर चढायचे तर प्रत्येक कॉलमला नव्या काँक्रीटचे जॅकेटिंग आणि खाली पायाची रुंदी वाढवणे. तो खर्च अभ्यासिकेपेक्षा जास्त. पैसे बँकेत आहेत आणि मुली व्हरांड्यात बसून अभ्यास करतात.

‘पुढचे पुढे बघू’ हे ॲजाइल नव्हे काय, असे माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न चांगला होता, मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. प्रोग्रॅममधला लाल रंग उद्या हिरवा करता येतो, खर्च चहापाण्याइतका. ओतलेले काँक्रीट बदलताना खर्च आधीच्या कामाच्याही वर जातो. लग्नाच्या दावतीत पाहुणे वाढले तर पाने वाढवता येतात, पण देग चुलीवर चढल्यावर तांदूळ किती घ्यायचा हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. सिडनीचे जगप्रसिद्ध ऑपेरा हाऊस याच कारणाने रखडले. छताची रचना निश्चित होण्यापूर्वीच १९५९ मध्ये खालचे काम सुरू केले, पुढे छताचे वजन पेलण्यास चौथऱ्याचे खांब अपुरे ठरले आणि ते पुन्हा बांधावे लागले. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. १९७३ मध्ये पूर्ण झाले तेव्हा खर्च १० कोटी २० लाखांवर गेला होता.

हायब्रिड म्हटले की आपल्याकडे भाताचे बियाणे आठवते. कर्जतच्या संशोधन केंद्रातून निघालेले सह्याद्रीचे संकरित वाण काही पालकांनी लावले असेल. त्यांना ठाऊक आहे की संकरित बियाण्याचे पीक जोमदार येते, परंतु त्यातले दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर शेत एकसारखे उगवत नाही. दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. कामाच्या संकराचेही तसेच आहे. एका प्रकल्पात जमलेले मिश्रण उचलून दुसऱ्यात टाकता येत नाही.

आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण कोकण रेल्वेचे. रोहा ते मंगळूर सुमारे ७६० किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे २००० पूल. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते, आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. त्या काळी हायब्रिड हा शब्द या अर्थाने कोणी वापरत नव्हते. पण पाहा. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल हा हिशेब पूर्ण करूनच बांधायचा. तिथे ‘करून बघू’ चालत नाही. मार्गाचे तुकडे मात्र तयार होतील तसे वापरात आले. मंगळूर–उडुपी गाडी १९९३ मध्येच धावू लागली. आणि मऊ, पाणी भरलेल्या मातीच्या नऊ बोगद्यांत, ज्यांत गोव्यातला पेडण्याचा बोगदा आला, कागदावरचे वेळापत्रक टिकलेच नाही. खणलेले पुन्हा कोसळे, हाताने हळूहळू काम करावे लागे, आणि माणसेही गेली. जमीन काय आहे हे खणल्यावरच कळणार होते. या एकाच मार्गावर तीन तऱ्हांची अनिश्चितता होती आणि तिघींना तीन तऱ्हांनी वागवावे लागले.

मग निवड कशी करावी? बॅरी बोहेम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ च्या त्यांच्या पुस्तकात पाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत : माणसे किती, ती किती जाणती, चुकीची किंमत काय, गरजा किती झपाट्याने बदलतात आणि त्या माणसांना शिस्तीत बरे वाटते की मोकळीकीत. मी त्यांत माझ्या अनुभवाने एक प्रश्न सर्वांत आधी घालतो. झालेले काम उद्या मोडून बदलायला किती पडेल? फार पडत असेल तर आज पूर्ण विचार करा, चार बैठका जास्त घ्या. थोडे पडत असेल तर बैठका कमी करा आणि वस्तू आपांच्या टेबलावर ठेवा. दोन्ही असेल तर सीमारेषा कुठे आहे ती शोधा. खरी डोकेदुखी तिथेच असते. चुकीची किंमत हाही वजनदार मुद्दा आहे. मुलांच्या डोक्यावरच्या छताबाबत कुणीही प्रयोग करू नये.

आम्हा शिक्षकांना हे नवे वाटू नये. एस.एस.सी. परीक्षा आपल्यासाठी हलत नाही, म्हणून वार्षिक नियोजन ठरीव असते. पण घटक चाचणीत अर्धा वर्ग नापास झाल्यावरही जो शिक्षक उद्याचे टाचण बदलत नाही, त्याचे नियोजन कागदावर कितीही सुंदर असो. (हे मी माझ्या सहकाऱ्यांची क्षमा मागून बोलतो.)

विद्यार्थ्यांना एक व्यावहारिक गोष्ट. इंजिनिअरिंग, डिप्लोमा, संगणक, कोणत्याही बाजूला गेलात तरी मुलाखतीत हे तीन शब्द कानी पडतील. पीएमपी नावाची जी आंतरराष्ट्रीय परीक्षा आखातात मानली जाते, तिच्या जानेवारी २०२१ पासूनच्या आराखड्यात सुमारे निम्मा भाग पारंपरिक आणि निम्मा लवचीक व संकरित पद्धतींचा केला गेला. ती परीक्षा कामाचा अनुभव झाल्यावर देता येते, आज घाई नको. मुलाखतीत मात्र ‘ॲजाइल उत्तम’ असे ठोकून देऊ नका. कोणत्या कामाला, असे विचारा. विचारणारा माणूस जाणता असेल तर तुमच्याकडे पुन्हा वर पाहील.

शेवटी चालू कामाविषयी, कारण त्यावर येत्या सर्वसाधारण सभेत आपले मत घ्यायचे आहे. विज्ञान प्रयोगशाळेची इमारत दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेत होईल. पाया आणि कॉलम दोन मजल्यांचे असावेत, म्हणजे मुलींची अभ्यासिका वर जाईल, अशी समितीची शिफारस आहे. ते एकदा ठरले की बदलायचे नाही. आतल्या टेबलांची मांडणी मात्र करून पाहून ठरवावी असे आम्ही म्हणत होतो, तोच इंजिनिअरसाहेबांनी अडवले. टेबलाला बेसिन, बेसिनला पाइप, पाइप जोत्यातून जाणार. म्हणजे मांडणी जोत्याची भरणी होण्यापूर्वीच पक्की हवी. म्हणून जोत्याचे काम दिवाळीनंतर धरले आहे आणि तोवर जुन्या हॉलमध्ये बाके जोडून, बेसिनच्या जागी बादल्या ठेवून, नववी-दहावीची प्रात्यक्षिके त्याच मांडणीत चालवली जात आहेत. दाराशी वही टांगली आहे. पालकांनीही येऊन लिहावे. पहिल्या आठवड्यातच नववीच्या मुलींनी लिहिले आहे की, कोपऱ्यातल्या टेबलावर दोघी उभ्या राहिल्या की दार उघडत नाही, आणि स्पिरिटचा दिवा पेटला असताना दार उघडता आले पाहिजे. ते टेबल आम्ही काल हलवले.